रात्रभर नाटक, सकाळी हिशोब

प्रश्न : आमची तालुक्याच्या गावातली हौशी नाट्यसंस्था आहे. दर वर्षी एक नाटक बसवतो. नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्य, प्रकाशयोजना यांचा खर्च वर्गणीतून भागत नाही. जरा तयार झालेली मुलं मालिकांच्या ऑडिशनसाठी मुंबईला जातात ती परत येत नाहीत. प्रयोगाला येतात ते बहुतेक आमचेच नातेवाईक. आमच्या शाळेत गोंदिया जिल्ह्यातले एक गुरुजी बदलून आले आहेत. ते म्हणतात, त्यांच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटक चालतं आणि हजारो माणसं तिकीट काढून पाहतात. हे खरं आहे का? खरं असेल तर पैसा, कलावंत आणि प्रेक्षक ही तिन्ही माणसं त्यांना कुठून मिळतात?

उत्तर : गुरुजी खरंच सांगताहेत. तिन्हींना तुम्ही ‘माणसं’ म्हणालात, तेही योग्यच आहे, कारण तिथला पैसासुद्धा माणसांच्या नात्यागोत्यातूनच येतो.

गुरुजींचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे विदर्भाच्या पूर्व टोकाचे चार जिल्हे. जंगल, तलाव आणि धानाची शेती. भाषा झाडीबोली. दंडार आणि खडीगंमत हे तिथले जुने लोकप्रकार. त्यांच्याच शेजारी, पुण्या-मुंबईच्या संगीत नाटकांचे संस्कार घेऊन, तिथलं नाटक वाढलं. त्याची बाजारपेठ आहे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजेच वडसा. पन्नासच्या आसपास नाट्यकंपन्यांचा कारभार मुख्यतः इथून चालतो. हंगामाआधी त्यांची कार्यालयं उघडतात, बाहेर नव्या नाटकांचे फलक लागतात आणि गावोगावची मंडळं तारखा धरायला येतात. दिवाळीनंतर प्रयोग सुरू होतात आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतात. पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. तुम्ही पैसा, कलावंत, प्रेक्षक असा क्रम लावला आहे आणि आपल्याकडे बहुतेक सगळे असाच लावतात. आधी भांडवल उभं करायचं, मग नट गोळा करायचे, नाटक बसवायचं आणि शेवटी जाहिरात देऊन लोकांची वाट पाहायची. झाडीपट्टीत प्रेक्षक आधी ठरलेला असतो. नाटक त्याच्याकडे जातं.

तो ठरलेला कसा असतो, हे नीट समजून घ्यायला हवं. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतो. हलका धान आधी, भारी धान नंतर. चुरणे, म्हणजे मळण्या, होतात, विक्री होते, चुकारे हाती येतात. वर्षभरात शेतकऱ्याच्या हातात रोख रक्कम खुळखुळते ती याच दिवसांत. त्याच सुमारास गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पुढे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात. मंडईला किंवा पटाला लेकी माहेरी येतात, जावई येतात, आजूबाजूच्या गावांतले सोयरे मुक्कामाला उतरतात. घरात पाहुणे आहेत, थंडीची रात्र आहे, कामं उरकली आहेत. अशा रात्री गावात नाटक नसेल तर ती त्या गावाला उणीव वाटते. नाटकाच्या निमित्तानं मुलामुलींची लग्नं जुळतात, हे तिथला कुणीही सांगेल. कारण उघड आहे. दोन्हीकडची थोरली माणसं एका गावात, एका रात्री, निवांत भेटण्याचा योग वर्षात दुसरा येत नाही.

म्हणजे लोक जमतात ते आधी एकमेकांसाठी जमतात. याला मी नाटकाचा कमीपणा समजत नाही. रंगभूमीचा सगळ्यात भक्कम पाया तोच आहे, असं माझं मत आहे. शहरात आपण नाटक घरापासून, सणापासून, नात्यांपासून तोडून एका वातानुकूलित सभागृहात नेऊन ठेवलं आणि मग ‘लोक येत नाहीत’ म्हणून हळहळत बसलो.

पैशाची रचनाही याच पायावर उभी आहे. गावातली तरुण पोरं मंडळ स्थापन करतात. हे मंडळ वडशाला जाऊन एका कंपनीचा अख्खा प्रयोग विकत घेतं. कोणतं नाटक, कोणता नटसंच, कोणती तारीख यावर रक्कम ठरते आणि इसार दिला जातो. कंपनी नट, वादक, पडदे, प्रकाश, ध्वनी घेऊन येते. जागा, मंडप, परवानग्या, तिकीटविक्री, कलावंतांच्या जेवणाची सोय ही मंडळाची जबाबदारी. तिकिटं खुर्चीची वेगळी, जमिनीवर बसण्याची वेगळी. सकाळी हिशोब होतो. वर उरलेला पैसा मंडळाचा, खोट आली तर तीही मंडळाची. उरलेल्या पैशातून देवळाचं काम निघतं, शाळेला काही दिलं जातं, पुढच्या वर्षाचा इसार बाजूला पडतो.

यातली खुबी तुमच्या लक्षात आली असेल. जोखीम एकाच्या डोक्यावर नाही. कंपनीला प्रत्येक रात्रीचा दर ठरलेला मिळतो, म्हणून ती नटांना शब्द देऊ शकते. मंडळाची जोखीम एका रात्रीपुरती आणि ती दहा-वीस जणांत वाटलेली. शिवाय तिकीट विकणारा हा घेणाऱ्याचा पुतण्या, भाचा किंवा वर्गमित्र असतो. त्याला ‘नाही’ म्हणणं अवघड. एवढंच नव्हे, मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन मंडळांची वेगवेगळी नाटकं लागतात, तेव्हा कुणाचा मंडप भरला हा साऱ्या गावाच्या चर्चेचा विषय होतो.

शेजारी तमाशाचा फड ठेवून पाहा, म्हणजे फरक कळेल. नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. तिथेही गावच प्रयोग विकत घेतं, पण तो पैसा यात्रेच्या लोकवर्गणीचा असतो आणि बघणाऱ्याला खेळ फुकट असतो. यात्रांचे दिवस सोडले तर फडमालकाला कनात लावून स्वतःच्या जबाबदारीवर तिकिटावर खेळ करावा लागतो. त्यातच, हंगाम सुरू होण्याआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. ती देण्यासाठी मालक व्याजानं पैसे काढतो. एखादा हंगाम अवकाळी पावसात गेला की कर्ज मालकाच्या मानेवर बसतं. कलावंतही उचलीत अडकलेला असतो, कारण ती फिटल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नाही. एवढ्या मोठ्या परंपरेचे कितीतरी फड कलेत कमी पडले म्हणून बुडालेले नाहीत. पैशाची ही रचना त्यांच्या मुळावर आली.

कलावंतांचं काय, हा तुमचा उरलेला मुद्दा. झाडीपट्टीत नट टिकतो, याचं पहिलं कारण म्हणजे त्याला काम मिळतं. हंगामात लागोपाठ रात्री असतात आणि प्रत्येक रात्रीची ‘नाईट’, म्हणजे मानधन, ठरलेली असते. पावसाळ्यात तोच माणूस धानाच्या बांधीत रोवणी करतो, दुकान चालवतो, मजुरीला जातो. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे वेगवेगळ्या भूमिका, अशी त्यांच्या कामाची नोंद आहे. आयुष्यभर शहरात नाटक करणाऱ्या किती नटांच्या वाट्याला एवढ्या भूमिका येतात? ज्याला आपल्याच मुलखात इतकं काम आणि इतकी ओळख मिळते, त्याला मुंबईचं आकर्षण आपोआप कमी होतं. उलट मुंबईचे नट तिकडे गेल्याची उदाहरणं आहेत. मोहन जोशींसारख्या नामवंत नटानं झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली आहेत. फलकावर ओळखीचं नाव असलं की बुकिंग वाढतं, हे गणित तिकडच्या निर्मात्यांनाही पक्कं ठाऊक आहे.

या व्यवस्थेत प्रॉम्प्टरला मोठं महत्त्व आहे. तालमींना दिवस थोडे, नटसंच रात्रीगणिक थोडाफार बदलणारा आणि नाटक पाच-सहा तासांचं. विंगेतून वाक्य पुरवणारा माणूस नसेल तर प्रयोग उभाच राहणार नाही. शहरी जाणकार याला नाकं मुरडतात. अभिनय भडक, गाणी फार, मध्येच लावणी, गंभीर कथेला समांतर विनोदी कथानक, ‘वन्समोर’ आणि भर प्रयोगात जाहीर होणारी बक्षिसं, असे आक्षेप नेहमीचे आहेत. त्यातले काही मलाही पटतात. पण उघड्या माळावर, पहाटे तीन वाजता, शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला जागं ठेवायचं असेल, तर आवाज आणि हातवारे मोठेच लागतात. हा प्रेक्षक पास घेऊन आलेला नाही. त्यानं तिकीट काढलं आहे आणि आवडलं नाही तर तो उठून शेजारच्या मंडपात जाईल. सावकाराचा जाच, हुंडा, दारू, शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे विषय तिथल्या नाटकांत सातत्यानं येतात आणि तोच प्रेक्षक ते ओल्या डोळ्यांनी पाहतो.

तिकडे सगळं आलबेल आहे, असा तुमचा समज होऊ नये. स्त्री कलावंतांचे हाल जास्त आहेत. रोज रात्री वेगळं गाव, पहाटे जंगलातल्या रस्त्यांवरून गाडीचा प्रवास, कपडे बदलायला धड आडोसा नाही आणि वर ‘नाटकात काम करते’ म्हणून उठणारी बोटं. प्रवासात अपघात झाला तर पाठीशी उभी राहणारी यंत्रणा नाही. हंगाम संपला की उत्पन्न थांबतं. शेकडो नाटकं लिहिली गेली, पण छापली गेली फार थोडी. चाललेली संहिता कंपनीच्या पेटीत राहते आणि लेखक मागे पडतो. आता ऑर्केस्ट्रा आणि नुसत्या नाचगाण्याचे कार्यक्रम स्पर्धेत उतरले आहेत. ते स्वस्त पडतात आणि गर्दीही खेचतात, म्हणून काही मंडळं तिकडे वळतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले फार तर पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, अशी सवलत राज्य सरकार देऊ शकतं. रात्रभर चालणाऱ्या नाटकावर ही टांगती तलवार कायम आहे. नियमामागचा हेतू योग्यच आहे. मात्र ज्या गावात अख्खं गावच मंडपात बसलेलं आहे, तिथे झोपमोड कुणाची होते, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी कधीतरी गांभीर्यानं विचारात घ्यावा.

तरीही या रंगभूमीचा चिवटपणा पाहण्यासारखा आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. ज्या पटासाठी पाहुणे यायचे तो पटच थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळेपर्यंत सात वर्षं गेली. या काळात नाटकही संपेल असं वाटू शकलं असतं. तसं झालं नाही. तोवर नाटकाचंच निमित्त इतकं पक्कं झालं होतं, की पाहुणे नाटकासाठी येऊ लागले होते. खरा तडाखा दिला तो २०२० च्या टाळेबंदीनं, कारण तिनं माणसांचं जमणंच थांबवलं.

प्रश्न : पण कलेला राजाश्रय लागतोच ना? पूर्वी संस्थानिक होते म्हणून नाटक कंपन्या चालल्या, असं आम्ही वाचत आलो.

उत्तर : अर्धंच खरं. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली सांगलीत झालं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. तो दिवस, ५ नोव्हेंबर, आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पण १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रय संपला. भाव्यांपुढे दोन वाटा होत्या, खेळ बंद करणं किंवा तो घेऊन बाहेर पडणं. ते बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी व्यावसायिक रंगभूमी तिथून सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही. राजाश्रयानं तिला जन्म दिला, पण तिला जगवलं तिकीट काढणाऱ्यांनी.

सरकारी अनुदान नको, असं मी मुळीच म्हणणार नाही. तमाशाचे फड, दशावतार, खडीगंमत यांच्यासाठी राज्य सरकारची अनुदान योजना आहे आणि ती हवीच. माझं म्हणणं एवढंच, की अनुदानानं एखादा हंगाम तरतो. पुढच्या हंगामाची तारीख धरायला गावातलं कुणीतरी लागतं.

प्रश्न : मग आमच्यासारख्या संस्थेनं नेमकं काय करावं? आमच्याकडे ना धानाचे चुकारे, ना मंडई.

उत्तर : मंडई नाही, पण गणेशोत्सव आहे, ग्रामदैवताची जत्रा आहे, ऊस गेल्यावर हाती येणारं बिल आहे. गोव्यात आजही देवळांच्या जत्रांना आणि शिगम्याला गावातलीच मंडळी मराठी नाटक करतात. हौशी नट वाड्यावरचे, गरज पडली तर दिग्दर्शक किंवा एखादी अभिनेत्री बाहेरून बोलावलेली. कोकणात दशावतार जत्रेच्या रात्रीला बांधलेला आहे. म्हणजे तुमच्या आसपासच्या प्रत्येक मुलखानं आपापला दिवस शोधलेला आहे. तुमच्या गावाचा दिवस कोणता, हे तुम्हालाच शोधावं लागेल. एकदा सापडला की तो दर वर्षी तोच ठेवा. ‘सभागृह मिळेल तेव्हा’ ही तारीख प्रेक्षकाच्या मनात कधीच बसत नाही.

दुसरं, तिकिटं एकेक करून विकू नका, प्रयोग अख्खा विका. गणेश मंडळ, पतसंस्था, साखर कारखान्याची कामगार संघटना, महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा गट, यांतल्या कुणालाही एक रात्र विकता येते. विकत घेणाऱ्यानं पुढे तिकीट लावावं किंवा सभासदांना मोफत दाखवावं. व्यावसायिक नाटकवाले वर्षानुवर्षं गावोगाव कंत्राटी प्रयोग करत आले आहेत. हौशी संस्थांनी ती वाट क्वचितच धरली. तुमचं नाटक स्पर्धेसाठी बसतं, परीक्षकांसमोर होतं आणि नेपथ्य गोदामात जातं, असं होत असेल तर त्यातला सगळ्यात वाईट भाग निकाल हा नव्हे. दोन महिन्यांची मेहनत एका रात्रीत संपते, हे वाईट आहे. तेच नाटक आसपासच्या दहा गावांत नेता येईल असं सुटसुटीत बसवा. पडदे आणि दिवे एका टेंपोत मावले पाहिजेत.

तिसरी गोष्ट मुलांबद्दल, आणि इथे मी जरा आग्रहानं बोलतो. त्यांना नाईट द्या. थोडी द्या, पण ठरलेली द्या आणि प्रयोग संपल्यावर लगेच हातात द्या. ‘कलेची सेवा’ म्हणून वीस वर्षांच्या मुलाला दोन महिने राबवून घ्यायचं आणि तो मुंबईला गेला की हळहळायचं, हे बरोबर नाही. त्याला वर्षाला एक प्रयोग देऊन तो थांबणार नाही. पंधरा प्रयोग दिलेत तर निदान थांबण्याचा विचार तरी करील. मुलींच्या बाबतीत प्रवासाची, निवासाची, कपडे बदलण्याच्या जागेची व्यवस्था हा खर्चाच्या यादीतला पहिला आकडा असू द्या. हे न केल्यामुळे आपण किती चांगल्या अभिनेत्री गमावल्या असतील, याचा विचार करवत नाही.

नातेवाईकच येतात, अशी तुमची तक्रार आहे. मला ती तक्रार वाटत नाही. झाडीपट्टीची सुरुवात तिथूनच झाली आहे. पुढच्या वेळी त्या नातेवाइकांपैकी दहा जणांना आयोजनात घ्या. कुणी मंडप बघेल, कुणी तिकिटं विकेल, कुणी चहा. ज्याच्या हातात काम आहे तो एकटा येत नाही, चार जणांना घेऊन येतो.

प्रश्न : हे नाटक प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कधी आणि कसं जावं?

उत्तर : भाऊबीजेनंतर केव्हाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत तारखा भरपूर असतात. वडसा स्थानक गोंदिया-बल्लारशा मार्गावर आहे. नागपूरहून रस्त्यानं जायचं तर उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत जाता येतं. वडशाला कंपन्यांच्या कार्यालयांत त्या रात्री कुठे कोणतं नाटक आहे ते सांगतात. गुरुजींना सोबत घेतलंत तर उत्तमच, कारण ओळखीच्या घरी उतरल्याशिवाय तिकडचं नाटक पुरतं कळणार नाही. थंडी कडक असते, शाल आणि कानटोपी न्या. खुर्चीचं तिकीट घेऊ नका, जमिनीचं घ्या. आणि सकाळी लगेच निघू नका, मंडळाची पोरं हिशोबाला बसतात तिथे, त्यांची परवानगी घेऊन, थोडा वेळ बसा. तुमच्या संस्थेच्या खजिनदाराला बरोबर नेलंत तर फारच चांगलं.